वणव्यानंतर मेळघाटात चढताना

उन्हाळ्यात मेळघाटच्या डोंगरांत वणवे लागतात. आग विझलेली दिसली तरी लगेच वाट धरू नका, आधी वनरक्षकाला विचारा. खरा धोका पायाखाली असतो. सागाचं, मोहाचं जळकं खोड आतून कित्येक दिवस धुमसतं. मुळं जळाली की वर राखेचा पापुद्रा आणि खाली पोकळी. म्हणून राखेत काठी टोचून बघा, मगच पाऊल टाका. चप्पल तर नकोच, जाड तळव्याचे चामडी बूट घाला. बुडाशी जळून पोखरलेल्या झाडाखाली टेकू नका, साध्या वाऱ्यानेही ते कोसळतं. चढावर गवत जळाल्याने दगड सुटे होतात. वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याच्या अंगावर येतो, तेव्हा तिरकं, अंतर ठेवून चढा. कुठे धूर दिसलाच तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर लगेच कळवा.