थेंब पडत होते, पण वायू हलत नव्हता

फ्रान्समधल्या साक्ले इथल्या तोस्कान या अणुभट्टी-सुरक्षेच्या प्रयोगांसाठीच्या टाकीतला ११३ क्रमांकाचा प्रयोग मी संगणकावर उभा करत होतो. टाकी ७ घनमीटरची. वरच्या भागात हेलियमचा थर, त्यातून खाली पाण्याचा फवारा. अणुभट्टीच्या अपघातात असा थर हायड्रोजनचा असतो; पण हायड्रोजन स्फोटक, म्हणून प्रयोगात त्याच्या जागी हेलियम. २०११ साली जपानमधल्या फुकुशिमा अणुऊर्जा केंद्रात हायड्रोजननेच स्फोट केले. हा थर कसा फुटतो हे नीट कळायलाच हवं.

माझा थर मात्र जागचा हलेना. तीन दिवस टर्ब्युलन्सचे, म्हणजे वायूतल्या खळबळीचे आकडे बदलण्यात घालवले. शेवटी एकाच थेंबाचा हिशेब कागदावर मांडला. थेंब मंदावत होता, पण त्याने गमावलेला संवेग वायूच्या समीकरणात जमाच होत नव्हता! दुतर्फा जोडणीचा, म्हणजे वायूचा थेंबावर तसाच थेंबाचाही वायूवर परिणाम मोजण्याचा पर्याय बंद राहिला होता.

तो चालू केला, तर फवाऱ्याच्या तोंडाखालच्या एकाच सेलमध्ये (हिशेबासाठी पाडलेल्या छोट्या कप्प्यात) सगळा जोर येऊन वेग भलताच वाढला. मग थेंब एका बिंदूतून न सोडता थोडं खाली, शंकूच्या पूर्ण छेदावर पसरून सोडले आणि तिथली मेश, म्हणजे या सेलची जाळी, बारीक केली. आता फवारा वायू ओढून घेत होता, आणि थर खालून कुरतडला जाऊन हळूहळू मिसळताना दिसला.