जुन्या एफ-१५० चे प्लग आणि कॉइल घरी बदलताना

सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरतं, चढावर गॅस दिला की ट्रक झटके मारतो आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. २००४ ते २००८ मधली फोर्ड एफ-१५० असेल आणि तिच्यात ५.४ लिटरचं तीन-व्हॉल्व्ह ट्रायटन व्ही-८ इंजिन असेल, तर पहिला संशय प्लग (इंधन पेटवणारी ठिणगी देणारा) आणि कॉइल (प्लगला वीज पुरवणारी) यांच्यावर घ्यावा. दिवा लुकलुकत असताना गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. मग खर्च कुठल्या कुठे जातो.

या इंजिनाचे प्लग नेहमीसारखे नाहीत, हे आधी नीट समजून घ्या. साध्या प्लगमध्ये आट्यांच्या खाली जेमतेम टोक असतं. इथे आट्यांच्या पुढे बारीक, लांब नळी आहे, आणि ती वरच्या भागात नुसती दाबून बसवलेली आहे. हजारो मैलांत ही नळी आणि इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) यांच्यामधल्या फटीत काजळी साचून दगडासारखी घट्ट होते. अशा वेळी जोर लावून पाना फिरवला तर वरचा भाग हातात येतो आणि नळी आतच राहते. हा त्रास इतका पसरला की फोर्डने २००८ मध्ये मेकॅनिकांसाठी प्लग काढण्याची खास पद्धत लिहून दिली. खाली सांगतो ती मुळात तीच. २००८ मॉडेलच्या काही गाड्यांत हेड आणि प्लग दोन्ही बदलले आहेत, म्हणून प्लग घेताना दुकानात व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) सांगा.

काही उघडण्याआधी नेमका कुठला सिलिंडर मिसिंग करतोय (नीट पेटत नाही) ते शोधा. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या साध्या स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०८ यांपैकी कोड दिसेल, त्यातला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर. प्रवाशाच्या (उजव्या) बाजूला पुढून मागे १ ते ४, ड्रायव्हरच्या (डाव्या) बाजूला ५ ते ८. समजा ३ नंबरचा कोड आला. ३ ची कॉइल १ वर आणि १ ची ३ वर लावा, कोड पुसा, एक फेरी मारून या. कोड आता १ चा आला तर कॉइल गेलेली आहे. ३ चाच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर (सिलिंडरला पेट्रोल फवारणारा) पाहावा लागेल. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या कुठल्याही पेट्रोल गाडीला ही युक्ती चालते. पुण्यात वडिलांच्या गाडीची कॉइल मी अशीच ओळखली होती.

सामान असं: ७ मिमीचं सॉकेट, ९/१६ इंचाचं प्लग सॉकेट, दोन-तीन एक्स्टेन्शन, लवचीक जोड, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), कार्ब्युरेटर क्लीनर, निकेलचं अँटी-सीझ (भाग एकमेकांना चिकटू न देणारं मलम), डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं) आणि हवा मारायला कॉम्प्रेसर. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइलचे आणि आड येणाऱ्या इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, तेव्हा खटका दाबूनच ओढा. ७ मिमीचा बोल्ट काढला की कॉइल किंचित पिळत वर घ्या. फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) मध्ये येते, पण कॉइलची रबरी नळी वाकवली की कॉइल निघते. ४ आणि ८ नंबर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) खेटून आहेत, ते सावकाश काढा. मग प्लग बसलेल्या प्रत्येक खड्ड्यात हवा मारा. तिथे साचलेली वाळू सिलिंडरमध्ये पडली तर भिंतीवर ओरखडे येतील.

आता खरं काम. प्लग फक्त अष्टमांश ते पाव फेरा ढिला करा आणि थांबा. प्लगचा षटकोन जेमतेम बुडेल इतकंच क्लीनर खड्ड्यात सोडा. जास्त ओतलं तर ते सिलिंडरमध्ये साचतं. किमान पंधरा मिनिटं हात लावू नका. मी तासभर ठेवतो. घाई नसेल तर तुम्हीही ठेवा. नंतर थोडं उलट, थोडं सुलट, पुन्हा उलट. सुरुवातीला पान्यातून हाताला कोरडी करकर जाणवेल. क्लीनर मुरत गेलं की ती मऊ होते आणि प्लग प्रत्येक खेपेला थोडा जास्त फिरू लागतो. फिरवताना ३३ फूट-पौंडांच्या वर जोर लागला तर परत आवळा, पुन्हा थोडं क्लीनर घाला, पुन्हा थांबा. आठ प्लगांना माझी अख्खी दुपार जाते आणि ती जाऊ द्यावी.

तरीही एखादा तुटला तर स्क्रू किंवा पक्कड घालून कोरू नका, इंजिनही चालू करू नका. अडकलेली नळी ओढून काढायला लाइल (Lisle) कंपनीचं ६५६०० नंबरचं हत्यार मिळतं. ते वापरायचा धीर नसेल तर इथून पुढे जाणकार मेकॅनिकला बोलवा.

निघालेले प्लग नंबरानुसार पुठ्ठ्यावर मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर निरोगी आहे. तेलकट काळं असेल तर तिथे तेल जळतंय.

नवे प्लग बसवण्याआधी आत उतरलेलं क्लीनर बाहेर काढा. भोकांवर चिंधी टाका, सगळ्या कॉइल आणि सगळे इंजेक्टर सुटे ठेवा, बॅटरी जोडून स्टार्टर दोन-तीन सेकंद फिरवा. क्लीनर पेटणारं आहे, जवळपास ठिणगी नको आणि तोंड बॉनेटखाली नको. मग बॅटरी परत सोडवा.

नव्या प्लगची गॅप (टोकावरची ठिणगीची फट) ०.०४० ते ०.०५० इंच आहे ना, ते तपासा. अँटी-सीझचा पातळ थर फक्त लांब नळीवर द्या, आट्यांवर आणि टोकावर अजिबात नको. पहिले फेरे हातानेच फिरवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, तिरका गेलेला प्लग आटे खाऊन टाकतो. शेवटी टॉर्क रेंचने २५ फूट-पौंड, म्हणजे ३४ न्यूटन-मीटर.

कॉइल मूळच्याच असतील आणि एक लाखाच्या वर मैल झाले असतील, तर आठही बदला. त्या एकापाठोपाठ एक जातात आणि तेच काम पुन्हा करावं लागतं. अगदी स्वस्त संच मात्र घेऊ नका. कॉइलच्या रबरी नळीच्या टोकात आतून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, कॉइल प्लगवर बसल्याचं हाताला कळेपर्यंत दाबा आणि छोटा बोल्ट हलकाच आवळा. सगळे कनेक्टर खट्ट आवाज येईपर्यंत बसवा, बॅटरी जोडा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर राहिलेलं क्लीनर जळून थोडा पांढरा धूर येईल. तो ओसरला की कोड पुसा आणि हायवेवर एका लांब चढावर ट्रक नेऊन बघा, कारण अशक्त कॉइल लोड आल्यावरच उघडी पडते.