आजोळच्या घराचे फोटो काढताना या चुका टाळा

सातारा-सांगलीकडची जुनी घरे एकेक करून उतरवली जात आहेत. वाटण्या होतात, मुले पुण्या-मुंबईला स्थिरावतात, भिंती ओल धरतात आणि एखाद्या उन्हाळ्यात कौले उतरवून त्या जागी स्लॅब पडतो. त्याआधी घराचे फोटो काढून ठेवावेत असे नातवंडांना वाटते आणि ते योग्यच आहे. नंतर मात्र बहुतेकांची तक्रार एकच असते: फोटो चांगले आले, पण त्यात आपले घर सापडत नाही. याचे कारण क्वचितच कॅमेऱ्यात असते. नक्षीचे खांब, पितळी कड्या, पडकी भिंत असे जे परक्या माणसाला दिसते, तेच आपणही टिपून आणतो आणि ज्या घरात सुट्ट्या काढल्या ते राहून जाते.

घर लहान आणि अनोळखी दिसते

पाच-सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून सव्वातीन-साडेतीन फुटांवर असतात. आठवणीतले घर त्या उंचीवरून पाहिलेले असते आणि फोटो मात्र आपण उभ्याने, पाच फुटांवरून काढतो. त्यामुळे हात न पोहोचणारा कोनाडा फोटोत छातीशी येतो आणि फडताळाच्या वरच्या फळीचा सगळा दरारा संपतो. उंबऱ्यावर बसून माजघराकडे पाहावे, सोप्यात मांडी घालून कॅमेरा छातीपाशी धरावा, जमले तर झोपाळ्यावर आडवे पडून वरचा कडीपाट टिपावा.

याच्या जोडीने होणारी चूक म्हणजे खोली ‘सगळी यावी’ म्हणून फोनची अतिरुंद लेन्स वापरणे. त्या लेन्सने कोपरे ताणले जातात आणि दहा फुटांचे माजघर मंगल कार्यालयाच्या हॉलसारखे दिसू लागते. मुख्य लेन्सच वापरावी आणि खोली दोन-तीन फोटोंत विभागून घ्यावी. खांब आत झुकलेले दिसत असतील तर फोन वर कललेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो सरळ धरला की खांबही सरळ होतात.

माजघराचा अंधार नाहीसा होतो

जुन्या घरातला उजेड हा खरे तर या कामाचा गाभा आहे आणि सर्वांत जास्त नुकसान त्याचेच होते. पाटण-जावळीकडे कौलांत एखादे काचेचे कौल बसवलेले असते, माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांत छताला झरोका ठेवलेला असतो, आणि बाकी खोली अंधारातच असते. हा अंधार म्हणजे दोष आहे असे समजून फोन तो आपोआप उजळवतो. त्यासाठी नाइट मोड आणि फ्लॅश दोन्ही बंद करावेत, पडद्यावर उजेडाच्या जागी बोट टेकवून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, खाली ओढावे आणि कोपरे काळेच राहू द्यावेत. ट्यूबलाइटही मालवावी, नाहीतर दारातून येणाऱ्या उजेडात तिचा हिरवट रंग मिसळतो. हात हलत असेल तर फोन पाटावर किंवा डब्याला टेकवून टायमर लावावा.

आजोळची आठवण बहुधा मे महिन्याची असते आणि फोटो काढायला लोक दिवाळीत किंवा डिसेंबरात जातात. आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे कौलातला कवडसा जवळजवळ सरळ खाली पडतो. डिसेंबरात त्याच वेळी सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की बारा फुटांवरच्या कौलाचा कवडसा सुमारे दहा फूट उत्तरेला सरकतो. ज्या जागी दुपारी पत्त्यांचा डाव मांडला जाई, तिथे तो मग पोहोचतच नाही. सेपियाचा फिल्टर लावून ही उणीव भरून निघत नाही. नव्वदच्या दशकातले आपले बालपण तपकिरी नव्हते.

घर आवरून मग फोटो काढणे

आजी हयात असेल तर ती आवरणारच. “थांब रे, लुगडं तरी बदलू दे,” असे ती म्हणाली तर बदलू द्यावे आणि तिला हवा तसा, खुर्चीवर ताठ बसलेला फोटो आधी काढावा. तो तिचा मान आहे. आपल्याला हवे ते नंतर, चहा होताना मिळते. वस्तू मात्र आपण हलवू नयेत. जाते, पाटा-वरवंटा आणि तांब्याचा हंडा एकत्र मांडले की ते प्रदर्शन होते.

सगळे टिपण्याचा हव्यासही नको. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, संग्रहालयातील ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो लोकांनी काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूच्या एकाच भागावर झूम केले तेव्हा मात्र आठवण तशी पुसट झाली नाही. म्हणून आधी फोन खिशात ठेवून घरभर फिरावे आणि मग भाग निवडावेत. ओसरीवरच्या ज्या खांबाला टेकून आजोबा बसत, त्यावर बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला तेलाचा काळपट, गुळगुळीत पट्टा राहिलेला असतो. समोरून तो दिसत नाही. दाराचा उजेड तिरका पडेल अशा बाजूने पाहिले की चकाकतो. असा खांब पुसू नये.

नुकसान वगळणे किंवा नुसते नुकसानच दाखवणे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. त्या पुराची रेघ काही घरांच्या भिंतींवर अजून आहे. फोटो बिघडतो म्हणून ती वगळू नये, उलट शेजारी माणूस उभा करून तिची उंची कळू द्यावी. पाटण खोऱ्यात तर ज्याला आपण पिढीजात घर म्हणतो ते पुष्कळदा ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर उभे राहिलेले असते. बुजवलेल्या भेगांविषयी वडीलधाऱ्यांना विचारावे. याउलट, नुसती पडझड टिपणारे फोटो कोणत्याही ओसाड वाड्याचे असू शकतात. भिंत पडली तरी खुंटी कुणाची होती हे सांगता आले पाहिजे.

परवानगी, माडी आणि नावे

घर भावकीत वाटलेले असेल तर प्रत्येक हिस्सेदाराला आधी विचारावे आणि बंद घराचा ठावठिकाणा फोटोसोबत जाहीर करू नये. पावसाळ्यानंतर कुजलेल्या फळ्यांच्या माडीवर चढू नये, जिन्यातूनच फोटो घ्यावा.

कोण कुठे झोपत असे, बाळंतिणीची खोली कोणती, ही माहिती त्याच दिवशी मामा-मावशींना फोटो दाखवून, त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्यावी. निवडक फोटोंच्या प्रिंट काढून मागे पेन्सिलीने नावे लिहावीत आणि नदीकाठच्या घराचा एक संच दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे ठेवावा, कारण पुरात अल्बमही जातात.