चेंबरचा नट फिरवण्याआधी: जुन्या गाडीचं ऑइल घरी बदलताना

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट एकदा सुटला की गाडी जागची हलत नाही. वॉशर राहिला किंवा फिल्टर दुसऱ्याच मॉडेलचा निघाला, तर त्याच गाडीत बसून दुकान गाठता येत नाही. त्यात खानापूर-निपाणीकडच्या खेड्यात राहात असाल आणि दिवस रविवार असेल, तर बसने बाजारात जाऊनही दुकान उघडं मिळेल याची खात्री नाही. म्हणून काम रविवारी करायचं, पण सगळी जमवाजमव शनिवारी संध्याकाळच्या आत.

आधी ऑइल. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीला फिल्टरसकट साधारण तीन लिटरच्या आसपास लागतं. पुस्तिका असेल तर त्यातला आकडाच खरा धरायचा. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाला आपल्याकडे २० डब्ल्यू ४० किंवा १५ डब्ल्यू ४० चांगलं चालतं. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा तापल्यावर ते किती दाट राहतं ते. बेळगावची थंडी कितीही बोचरी असली तरी बर्फाची नव्हे. ० डब्ल्यू २० सारखं पातळ, महागडं ऑइल झिजलेल्या इंजिनात ओतून उपयोग काहीच नाही, सीलमधून गळती मात्र वाढू शकते. दुकानात नुसतं ‘२० डब्ल्यू ४०’ म्हटलं की कधी कधी दुचाकीचा डबा पुढे येतो, तेव्हा चारचाकीचं पाहिजे म्हणून स्पष्ट सांगा.

त्याच दुकानातून ऑइल फिल्टर आणि चेंबर नटचा नवा वॉशर घ्या. वॉशर किरकोळ किमतीचा असतो, त्यामुळे दोन घेऊन ठेवले तरी चालतात. जुना चेपलेला वॉशर पुन्हा घातला की थेंब थेंब गळतं आणि मग नट आणखी आवळायचा मोह होतो. आटे जातात ते तिथेच. गेलेच तर बेळगावच्या उद्यमबागेत आटे पाडून देणारे टर्नर मिळतील, पण चेंबर उतरवून तिथवर न्यायचा कोणी?

शनिवारीच थंड गाडीखाली बॅटरी मारून नट नीट ओळखून ठेवा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचा नट इंजिनच्या नटाच्या अगदी शेजारी असू शकतो. चुकून तो सोडलात तर गिअर ऑइल जमिनीवर, आणि इंजिनात मात्र जुन्यावर नवं! पाना १४ चा लागतो की १७ चा, तेही तेव्हाच लावून बघा. रिंग पाना किंवा सॉकेटच घ्या, फिक्स पान्याने कोपरे झिजतात. फिल्टरसाठी चेन पाना शेजाऱ्याकडून मागून आणला तरी चालेल.

आता जॅक. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. जागा सपाट आणि टणक हवी. पावसाने भिजलेल्या अंगणात जॅक रुततो. गाडी उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावायचे, मागच्या चाकांना अडण्या, हँडब्रेक ओढलेला, गिअर घातलेला. आपल्याकडे घराघरात जांभ्याचे चिरे पडलेले असतात. चाकाला अडण म्हणून तो जरूर लावा, पण गाडीचं वजन चिऱ्यावर, विटेवर किंवा सिमेंटच्या ब्लॉकवर कधीही ठेवू नका. ते आधी इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. स्टँड नसतील तर गॅरेजमधून मागून आणा, नाहीतर काम पुढच्या रविवारवर टाका.

बाकी सामान किरकोळ: पसरट घमेलं, नरसाळं, चिंध्या, जुनी वर्तमानपत्रं, हातमोजे, झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा रिकामा कॅन.

एक तपासणी मात्र विसरू नका. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपला आतून पांढुरका थर धरतो. इंजिन पुरेसं तापत नाही, त्यामुळे आतली वाफ तिथे साचते. तेवढंच असेल तर ऑइल बदला आणि एखादी लांब फेरी मारा. पण ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइलही दुधाच्या चहासारखं दिसत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) शंका घ्या. मग नवं ऑइल ओतण्याआधी मेस्त्री गाठा.

सकाळी इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा आणि थोडं निवू द्या. ऑइल कोमट हवं, हात पोळणारं नको. नवा फिल्टर बसवण्याआधी जुन्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावून फिल्टर हातानेच आवळा. चेंबर नटाचे पहिले आटेही हातानेच. अडीच लिटर ओतून थांबायचं, पुढचं पट्टी बघत थोडं थोडं. गाडी सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. विझला तर मिनिटभराने बंद करून खाली गळती बघा आणि पाच मिनिटांनी, गाडी सपाटीवर असताना, पट्टी पुन्हा पुसून मोजा.

जळकं ऑइल गटारीत नाही, परसातल्या विहिरीजवळ तर नाहीच. सेंट्रिंगच्या प्लेटांना किंवा वाळवी लागलेल्या खांबाला फासायला कोणीतरी मागेल, पण ते शेवटी मातीतच उतरतं. कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल पिंपात साठवून रिसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजात पोचवा. आधी फोन करून घेतात का ते विचारून ठेवलेलं बरं, तेही शनिवारीच.