टाऊ, भुलेतले उंदीर आणि पीएचडीची पहिली वर्षं

पीएचडीच्या मुलाखतीत मी म्हणाले होते, "मला अल्झायमरवर औषध शोधायचंय." समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठला रेणू? मेंदूच्या कुठल्या भागात? आजाराच्या कुठल्या टप्प्यावर?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. आता माझं पाचवं वर्ष चालू आहे, आणि या विषयात यायचंय म्हणून कुणी फोन केला की मी आधी हेच तीन प्रश्न विचारते.

मला हा विषय घरातच भेटला. डोंबिवलीच्या आमच्या घरात आजीला लग्नात घेतलेला उखाणा आठवायचा, पण दहा मिनिटांपूर्वी चहा झालाय हे आठवायचं नाही. कारण पुढे अभ्यासात कळलं. नवी आठवण रुजवणारा मेंदूचा भाग, हिपोकॅम्पस, या आजारात फार लवकर पोखरला जातो. अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये एका रुग्ण बाईच्या मेंदूत पेशींबाहेरचे प्लाक, म्हणजे साचलेले थर, आणि पेशींतले तंतूंचे गुंते दाखवले. प्लाक अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे आणि गुंते टाऊ या प्रथिनाचे, हे उलगडायला जवळपास ऐंशी वर्षं गेली. मात्र विसरणं प्लाकच्या संख्येपेक्षा सिनॅप्स, म्हणजे दोन मेंदूपेशींमधले जोड, किती गळाले याच्याशी जास्त जुळतं. म्हणून पेशी मरण्याच्या आधी सिनॅप्सवर काय बिघडतं, हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

माझं काम टाऊवर आहे. त्यावर गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट चढले की ते पेशीला आधार देणाऱ्या सूक्ष्मनलिकांपासून सुटतं. दुसऱ्या वर्षी माझ्या वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे नमुन्यातलं ठराविक प्रथिन पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीवर, आजारी उंदरांच्या फॉस्फेट चढलेल्या टाऊचे बँड असे ठसठशीत आले की मी त्याच रात्री घरी फोन केला. पुढचे सहा महिने मी त्या निकालावर इमले बांधले. मग एका सीनियरने विचारलं, "भूल दिल्यावर उंदराचं तापमान मोजतेस का?" मी मोजत नव्हते. भुलेत उंदराचं शरीर झपाट्याने गार पडतं, आणि गारव्यात फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम मंदावतात. मग टाऊवर फॉस्फेट वाढलेलं दिसतं, उंदीर निरोगी असला तरी. मी निरोगी उंदीर आधी भराभर उरकायची. आजारी उंदरांचे नमुने जपून काढायचे म्हणून ते एसीच्या झोताखाली जास्त वेळ भुलेत राहायचे. मी मोजलेल्या फरकात आजार किती आणि एसी किती, सांगता येत नव्हतं.

सगळं पुन्हा केलं. गरम पॅड, थर्मामीटर, ठरलेली वेळ, उंदरांचा क्रम मिसळलेला, आणि कुठला नमुना कुणाचा हे मोजणाऱ्याला माहीत नाही. फरक उरला, पण निम्म्याहून कमी. तोच खरा, आणि तोच प्रबंधात आहे. नऊ महिन्यांचे उंदीर हवे असतील तर नऊ महिनेच थांबावं लागतं, त्यामुळे ही चूक वर्षभर पुरली.

लॅब निवडताना म्हणूनच गाइडच्या शोधनिबंधांइतकंच सीनियर लोकांशी बोलणं महत्त्वाचं. उंदरांची वसाहत कोण सांभाळतं, प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आहे का, रविवारी कोण येतं, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, हे चहाच्या टपरीवर विचारा. खरं तिथे कळतं.

प्रवेशाचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडीची सुरुवातीची शिष्यवृत्ती, मिळाली तर दारं बरीच उघडतात. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी असते, आणि पवईच्या आयआयटीतही जीवशास्त्राचं मोठं काम चालतं. जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 आणि एसआरएफला, म्हणजे पुढच्या वर्षांतल्या वरिष्ठ शिष्यवृत्तीला, 42,000 रुपये मिळतात. मुंबईत भाड्याचं घर घेऊन हे पुरवणं कठीण, तेव्हा हॉस्टेलचं आधी पक्कं करा. रात्रीचा प्रयोग लांबला आणि शेवटची लोकल चुकली, तर झोपायला जागा असलीच पाहिजे.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. बिल्डिंगमधली माणसं विचारतात, "औषध कधी येणार गं?" 2023 मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब या अल्झायमरच्या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते अमायलॉइड हटवतं, घसरण काहीशी मंद करतं, गेलेली आठवण मात्र परत आणत नाही. हे मी स्पष्ट सांगते. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं तेच प्रत्येकाला सांगते: विसरायला होतंय तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा, बी12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यातलं बिघडलेलं औषधाने सुधारता येतं. काकूंच्या यजमानांचं बी12 खरंच फार कमी निघालं.