प्लॅनिंग इंजिनिअर आहात? शेड्यूल करताना या चुका टाळा

साइटवर प्लॅनिंगवाल्याला 'रिपोर्टवाला' म्हणतात. त्यात थोडा दोष आपलाही आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लिंक (कोणत्या कामानंतर कोणतं काम, ही जोडणी) न लावता तारखा ठोकणं. क्लायंटची तारीख गाठायची म्हणून कामाकामावर कन्स्ट्रेंट, म्हणजे हाताने पक्की केलेली तारीख, लावून ठेवतात. तपासायचं असेल तर मधल्या एखाद्या स्लॅबचा कालावधी दहा दिवसांनी वाढवा, प्रिमावेरात (शेड्यूलचं सॉफ्टवेअर) तारखा पुन्हा काढायला एफ९ दाबा आणि खाली प्लास्टरची, ताब्याची तारीख बघा. काहीच हललं नाही, तर एक तर भरपूर फ्लोट, म्हणजे कामाला मिळालेली मोकळीक, आहे (असतो कुठे?) किंवा साखळी तुटलेली आहे.

माझी स्वतःची चूक वेगळी होती. पहिल्याच साइटवर मी सात दिवसांची स्लॅब सायकल (दर सात दिवसांनी एक स्लॅब) लावली, पण सेंटरिंगचा माल, म्हणजे स्लॅबखालचे साचे आणि टेकू, किती आहे ते विचारलंच नाही. माल एकाच मजल्यापुरता. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस ठेवावे लागतात, तेही साधं ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंट असेल तर. मुकादम म्हणाला, "साहेब, खालचा माल निघाल्याशिवाय वरचा स्लॅब काय हवेत बांधू?" तेव्हापासून शेड्यूल क्लायंटकडे जाण्याआधी मुकादमाला दाखवतो.

कॅलेंडरमध्ये नुसता रविवार टाकून भागत नाही. पावसाळ्यात खोदकाम आणि बाहेरचं प्लास्टर रखडतं. होळीला आणि दिवाळी-छठला बिहार-यूपीची माणसं गावी जातात, ती सुट्टी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी परतत नाहीत. लिफ्टसारख्या वस्तूंची ऑर्डर, ड्रॉइंगची मंजुरी हीसुद्धा कामंच आहेत, त्यांनाही ओळ द्या.

'नव्वद टक्के झालं' हे डीपीआरमध्ये (रोजच्या प्रगती अहवालात) अंदाजाने लिहू नका. सळई टनात, काँक्रीट घनमीटरात मोजा. नाहीतर ते नव्वद टक्के महिनाभर नव्वदच राहतात.

आणि काम मागे पडलं म्हणून मंजूर बेसलाइनवर (सुरुवातीला ठरलेल्या मूळ शेड्यूलवर) नवी बेसलाइन चढवू नका. उशीर कुणामुळे झाला हे दाखवायला तीच लागते. करार फिडिक या आंतरराष्ट्रीय इंजिनिअर संघटनेच्या १९९९च्या रेड बुकवर (नमुना करारावर) असेल, तर मुदतवाढ मागणाऱ्या ठेकेदाराने कारण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्यायची असते. ड्रॉइंग उशिरा आलं की त्याच दिवशी पत्राचा मसुदा करा. मासिक रिपोर्टातली एक ओळ समोरचा नोटीस म्हणून मान्य करेलच असं नाही.