लिमिटिंग रिअ‍ॅजंट: मोल किती आहेत ते नको, किती फेऱ्या पुरतात ते बघा

‘ज्याचं वजन कमी, तो लिमिटिंग रिअ‍ॅजंट’ हा सल्ला (लिमिटिंग म्हणजे अभिक्रियेत आधी संपून उत्पादित किती मिळेल ते ठरवणारा पदार्थ) सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. ‘ज्याचे मोल कमी, तो लिमिटिंग’ ही त्याची सुधारलेली आवृत्तीही चुकीचीच. सहगुणक (संतुलित समीकरणात पदार्थापुढे येणारे आकडे) सारखे असले की ती बरोबर उत्तर देते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो आणि पुढच्या गणितात ती दगा देते.

दोन्ही सल्ले एकदमच तोंडघशी पडतील असं उदाहरण घेऊ. १३.५ ग्रॅम अ‍ॅल्युमिनिअम आणि ४२.६ ग्रॅम क्लोरीन वायू यांपासून अ‍ॅल्युमिनिअम क्लोराईड जास्तीत जास्त किती मिळेल?

१. समीकरण संतुलित करा. २ अ‍ॅल्युमिनिअम + ३ क्लोरीन → २ अ‍ॅल्युमिनिअम क्लोराईड.

२. ग्रॅमचे मोल करा, म्हणजे वजनाला त्या पदार्थाच्या एका मोलच्या वजनाने भागा. अ‍ॅल्युमिनिअम: १३.५ ÷ २७ = ०.५ मोल. क्लोरीनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून ३५.५ नव्हे तर ७१ घ्यायचे: ४२.६ ÷ ७१ = ०.६ मोल.

३. प्रत्येकाचे मोल त्याच्या स्वतःच्या सहगुणकाने भागा. सगळी गफलत इथेच होते, म्हणून इथे घाई नको.

समीकरण म्हणजे एक फेरी समजा. एका पूर्ण फेरीला २ मोल अ‍ॅल्युमिनिअम आणि ३ मोल क्लोरीन खर्ची पडतं. हाताशी असलेला साठा किती फेऱ्यांना पुरेल, एवढंच विचारायचं. अ‍ॅल्युमिनिअम: ०.५ ÷ २ = ०.२५ फेऱ्या. क्लोरीन: ०.६ ÷ ३ = ०.२० फेऱ्या. क्लोरीन आधी संपतं, तेव्हा तेच लिमिटिंग. वजनानेही ते जास्त होतं आणि मोलनेही, तरीही.

भागण्याऐवजी गुणलंत तर १.० आणि १.८ येतात, आणि अ‍ॅल्युमिनिअम लिमिटिंग असल्याचं उलटं उत्तर मिळतं. तेव्हा सूत्र पाठ करण्यापेक्षा फेरीचा अर्थ डोक्यात ठेवा. जो पदार्थ एका फेरीत जास्त खर्च होतो तो कमी फेऱ्या पुरणार, म्हणून भागाकार.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. ०.२० म्हणजे क्लोरीनचे मोल नव्हेत, त्या फेऱ्या आहेत. पुष्कळजण लिमिटिंग रिअ‍ॅजंट अचूक ओळखतात आणि मग त्याच ०.२० ला पुन्हा २/३ ने गुणतात. उत्तर येतं १७.८ ग्रॅम. तीनने भागून झालेलं असताना पुन्हा तीनने भागल्याचा हा परिणाम. काहीजण उत्पादिताचा सहगुणक विसरतात आणि २६.७ ग्रॅमवर थांबतात. फेऱ्या हाताशी असतील तर त्यांना फक्त उत्पादिताच्या सहगुणकाने गुणायचं. गुणोत्तर वापरायचं असेल तर मूळ ०.६ मोलवर परत जायचं. दोन्ही रस्ते बरोबर आहेत, पण अर्ध्यात एकावरून दुसऱ्यावर उडी मारू नका. वहीत ०.२० पुढे ‘फेऱ्या’ असं लिहून ठेवलंत तर ही चूक सहसा होत नाही.

दोन्ही अभिक्रियाकारकांपासून वेगवेगळं उत्पादित काढून लहान उत्तर घ्यायचं, हीही पद्धत बरोबर आहे. मला ती पसंत नाही. तीन अभिक्रियाकारक असले की तीनदा पूर्ण गणित करावं लागतं, आणि आलेल्या उत्तरांची बेरीज करणारेही असतात.

४. थिऑरेटिकल यील्ड, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणारं उत्पादित. त्याच्या एका मोलचं वजन १३३.५ ग्रॅम. ०.२० × २ = ०.४० मोल, ०.४० × १३३.५ = ५३.४ ग्रॅम.

५. उरलेल्यावरून पडताळा घ्या. अ‍ॅल्युमिनिअम ०.२० × २ = ०.४० मोल, म्हणजे १०.८ ग्रॅम वापरलं गेलं, २.७ ग्रॅम उरलं. १०.८ + ४२.६ = ५३.४. जमलं नाही तर मागे फिरा.

द्रावण दिलं असेल तर मोलॅरिटीला (एका लिटरमधले मोल) लिटरने गुणा, मिलिलिटरने नव्हे. पदार्थ ९० टक्के शुद्ध असेल तर वजनाला आधीच ०.९ ने गुणा. आकडे मध्येच पूर्णांकात आणू नका.

स्फटिकजलाकडे (स्फटिकात बांधलेल्या पाण्याकडे) मात्र नीट लक्ष द्या, कारण तिथे लिमिटिंग रिअ‍ॅजंटच बदलतो. १२.५ ग्रॅम निळं मोरचूद (कॉपर सल्फेट) पाण्यात विरघळवून त्यात ४.०० ग्रॅम जस्ताची भुकटी टाकली, असं समजा. जस्त मोरचुदातल्या तांब्याची जागा घेतं आणि तांबं सुटं होतं. इथे सगळे सहगुणक १ आहेत. जस्त ०.०६१२ मोल. निळ्या मोरचुदाच्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू असतात, म्हणून भागायचं २४९.७ ने: ०.०५०१ मोल. मोरचूद लिमिटिंग, तांबं ३.१८ ग्रॅम. पाणी विसरून १५९.६ ने भागलंत तर ०.०७८३ मोल येतात, जस्त लिमिटिंग ठरतं आणि तांबं ३.८९ ग्रॅम निघतं. बाकी सगळी गणितं बिनचूक असली तरी उत्तर चुकलेलंच.

६. टक्केवारी. प्रत्यक्ष मिळालेलं वजन भागिले थिऑरेटिकल यील्ड, गुणिले १००. ती १०० च्या वर गेली तर उत्पादितात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे. वरच्या प्रयोगात ०.७३ ग्रॅम जस्त उरतं. ते तांब्यातच राहिलं तर तराजू ३.९१ ग्रॅम दाखवतो, म्हणजे १२३ टक्के. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. जस्त विरघळतं, तांबं तसंच राहतं. मग पाण्याने धुऊन मंद आचेवर वाळवा आणि लागोपाठ दोन वजनं सारखी आल्यावरच आकडा लिहा. आच मोठी ठेवलीत तर तांबं काळं पडतं, आणि त्या ऑक्साईडमुळे वजन पुन्हा वाढतं.